जरुरी गटातला पाचवा टॅब

नवाब सरांनी फुली दाबली. टॅब गेला. सरांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि वर पाहिलं तर

दोन खोल्या, तळमजला, पडेगाव ×

पुन्हा हजर. आज सातवा दिवस.

पाचोडच्या शाळेत एकोणतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते. निवृत्तीनंतर घेतलेल्या कॉम्प्युटरवरही सरांनी तीच शिस्त लावली होती. ब्राउझरमध्ये चार टॅबचा एक गट करून त्याला 'जरुरी' असं नाव दिलं होतं. वीजबिल, गॅस, पेन्शन, नमाजच्या वेळा. चार. हा पाचवा त्यांनी उघडलाच नव्हता.

उपाय सगळे करून झाले. ब्राउझर बंद करून उघडला. कॉम्प्युटर बंद करून उघडला. हिस्ट्री साफ केली. व्हायरस शोधणारं एक फुकटचं काहीतरी उतरवलं. त्यानं कॉम्प्युटर पाऊण तास गुरगुरत ठेवला आणि शेवटी सांगितलं की सगळं ठीक आहे. ठीक आहे तर मग हे कोण

दोन खोल्या, तळमजला, पडेगाव ×
बोअरचं पाणी. दारात लिंब.

उघडतंय?

"चोर घुसलाय आत," नानासाहेब म्हणाले. त्याच शाळेत ते इतिहास शिकवायचे. आता हडकोत राहतात आणि दर गुरुवारी रोशन गेटला सरांकडं चहाला येतात.

"चोर भाड्यानं खोल्या कशाला शोधील, नानासाहेब?"

"मंग घरातलंच कुणीतरी हाय. फोन किती घरात?"

"चार."

"आन खाती?"

"एकच की! घराला रेशन कार्ड एक, तसं खातंही एक. कुटुंबप्रमुख मी. चारी फोनांत माझंच खातं टाकलंय."

नानासाहेब इतके हसले की बिस्कीट चहात पडलं. "लई भारी! मंग तुमचा सोडून तीन राहिले. त्यातलं कोण चाललंय ते बगा. आमचा पोरगा विश्वजीत बी असाच मुकाट्यानं जागा बघत व्हता. नव्या घराचे पेढे घेऊन आला तवा कळलं मला."

तीन, म्हणाले नानासाहेब. सरांनी मनात दोनच मोजले. मुलगा जुनेद आणि सून मुबश्शिरा.

वरची खोली जुनेदच्या लग्नासाठी चढवली होती. ती दोघं गेली तर वर कबुतरं राहणार आणि खाली दोन म्हातारे. सर दिवसभर घरातच असतात. आता ते पहाऱ्यावर बसल्यासारखे बसू लागले. जुनेद वाळूजहून, कामावरून आला की गच्चीवर जाऊन फोनवर बोलतो. गच्चीवर का? मुबश्शिरा टेप घेऊन खिडकी मोजत होती. सर दारात उभे राहिलेले पाहून म्हणाली, "पडद्यांसाठी, अब्बा." कुठल्या खिडकीच्या पडद्यांसाठी? आणि तळमजला कशाला? हां. जुनेदची मोटरसायकल. सगळं जुळत

दोन खोल्या, तळमजला, पडेगाव ×

होतं.

शुक्रवारी जुनेदला सुट्टी. जुम्म्याच्या नमाजहून आल्यावर चौघं जेवायला बसली. पहिला घास उचलायच्या आधीच सर म्हणाले, "ज्यांना जायचं त्यांनी सांगून जावं. भाडेकरूसुद्धा महिनाभर आधी सांगतो."

"कौन जा रहा, अब्बा?" जुनेद म्हणाला.

"तेच विचारतोय मी." आणि पाहिलं मात्र मुबश्शिराकडं.

तिचे डोळे भरले. ताट तसंच ठेवून ती वर निघून गेली. जुनेदनं बापाकडं असं पाहिलं, जसं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. सरांची बायको शहजादी वाढत होती. तिचा पळा भांड्यावर थबकला, मग सरांच्या ताटात तिनं डाळ वाढली. थोड्या वेळानं पुन्हा वाढली. सरांनी मागितली नव्हती.

शनिवारी जुनेद कामावर गेला. मुबश्शिरा वरून खाली उतरलीच नाही. अकरा वाजता सरांनी कॉम्प्युटर लावला. पाचवा टॅब होताच. त्यांनी रागानं फुली दाबली.

"या अल्ला, फिर गया!"

आवाज स्वयंपाकघरातून आला.

सरांचा हात माऊसवरच राहिला. ते थांबले. भिंतीवरच्या घड्याळात दीड मिनिट गेलं आणि टॅब परत आला. सरांनी या वेळी फुली अगदी हळू दाबली, खोलीत कुणी झोपलं असावं तशी.

"अगे मा!"

सर उठून आत गेले. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकून एक फोन उभा होता. सरांचाच जुना, कोपरा तडकलेला. शहजादीनं तो पालथा केला.

"क्या गया?" सरांनी विचारलं.

"कुछ नै." मग चिडून, "ये फोन बदल के दो! नौ दिन से मैं पन्ना खोलती, वो आपीच बंद होता. चुडैल है इसमें."

"चुडैल नै," सर म्हणाले. "मैं हूं."

खातं एक, म्हणून गटही एकच. तिनं फोनवर गटात टाकलेलं पान बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उघडत होतं. सरांनी तिथं बंद केलेलं इथं ओट्यावर बंद होत होतं. नऊ दिवस नवरा-बायको एकाच दाराची कडी दोन्ही बाजूंनी ओढत होते.

"मग काल जेवताना गप्प का बसलीस? पोरीला रडवलं मी."

"पोरी रोई तो लगा, बोलूं. फिर आपका मूं देखी, चुप रही." शहजादी बोलली दखनीतच, मधे मधे थांबत. मराठीत सांगायचं तर ती म्हणाली की जुनेद चांगला आहे, पोरगी त्याहून चांगली आहे. आधी हा ओटा तुमच्या अम्मीचा होता. आता सुनेचा झाला, व्हायलाच पाहिजे. मधे माझा कधी होता ते सांगा. पाचोडला तुम्ही एकोणतीस वर्षं स्वतःची खोली घेऊन राहिलात. मी इथं होते. तळमजला गुडघ्यांसाठी. गटाचं नाव तुम्हीच जरुरी ठेवलंय, म्हणून त्यात टाकलं.

सरांनी ती मधली वर्षं शोधून पाहिली. सापडली नाहीत.

"दोन खोल्या," ते म्हणाले. "एक तुझी. दुसरी?"

शहजादीनं गॅस बारीक केला. "देखते. जिसको आना, वो आएगा."

सर वर गेले. मुबश्शिरा स्टुलावर चढून पडदा लावत होती, मोजलेल्याच खिडकीला. सरांनी स्टूल धरलं. पडदा लागेपर्यंत धरून ठेवलं.

"तुझी सासू जाणार होती, तू नाही," शेवटी ते म्हणाले. "चुकलो, बेटा."

"अम्मी?" मुबश्शिरा स्टुलावरून उतरली. "और आप?"

सर खाली येऊन कॉम्प्युटरसमोर बसले. टॅब बंद करायचे सगळे उपाय त्यांना तोंडपाठ झाले होते, उघडायचा एकही येत नव्हता. शेवटी अक्षर अक्षर टाइप करून त्यांनी जागा शोधून काढली आणि ओढून गटात टाकली.

दोन खोल्या, तळमजला, पडेगाव

आत भांड्यांचा आवाज थांबला.

पानाच्या तळाशी जागा बघायला यायची चौकट होती. वार सरांनी भरला. वेळ भरली. पुढच्या रकान्यावर मात्र ते अडले, आणि बसल्या जागेवरून त्यांनी हाक मारली, "अजी, किती जण राहणार विचारतायत!"

आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.

"दो लिखो."