चार नंबरच्या दारावरची रांग

इकडे नाही, खाली बघा. पायाशी. मी लोखंडी चौकट बोलतेय. विमानतळावर चार नंबरच्या दाराशी जी पिवळी चौकट उभी असायची, जिच्यात बॅग मावली तर तुम्ही सुटलात आणि नाही मावली तर भुर्दंड भरलात, ती मी. लोक मला शिव्या द्यायचे. देईनात का बापडे! मीही त्यांना चांगली ओळखून आहे.

माझा जन्म इथला, इंग्लंडातल्या यॉर्कशायरचाच. शेफील्डच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये एका बुटक्या वेल्डरनं मला जोडलं. माझ्याबरोबर जन्मलेली भावंडं म्हणजे सायकली लावायचे कठडे आणि सुपरमार्केटातल्या ट्रॉल्यांची कुंपणं. त्यांच्या वाट्याला ऊनपाऊस आला, माझ्या वाट्याला माणसं आली. पाऊस परवडला असता.

माझी पहिली विमान कंपनी निळ्या रंगाची होती. स्वस्तात माणसं नेता नेता ती स्वतःच बुडाली. दुसरीनं खुर्च्या, टेबलं आणि मला एकगठ्ठा विकत घेतलं, पिवळा रंग फासला आणि दोन्ही बाजूंनी कापून मला बारीक केलं. कंपनी नवी आली की चौकट बारीक होते, हा इथला नियमच आहे. माणसं मात्र जाडच्या जाड राहतात आणि त्यांच्या बॅगाही.

आता या स्वस्त सहलीवाल्यांबद्दल काय सांगू! शुक्रवारी जायचं, रविवारी परत यायचं, आणि सोमवारी कामावर जाऊन सांगायचं की आम्ही युरोप बघून आलो. एकदा माझ्याजवळ दोन मैत्रिणी उभ्या होत्या.

"कौनास कुठं आलं गं?" एकीनं विचारलं.

"काय माहीत! पण इथल्या हल गावाला जाण्यापेक्षा स्वस्त पडलं."

"तिथं बघण्यासारखं काय आहे?"

"असेल की काहीतरी. एखादं चर्च कुठंही सापडतंच."

अशी यांची तयारी. बॅगेत शहराचा नकाशा नसतो, पण घरच्या चहाच्या पुड्या मोजून भरलेल्या असतात, कारण परदेशातला चहा म्हणे चहाच नसतो. बॅग माझ्यात बसली नाही की हे लोक तिथंच ती उघडतात आणि आतले कपडे अंगावर चढवतात. भर जुलैत तीन स्वेटर आणि वर रेनकोट घालून, खिशात एकेक बूट कोंबून घामाघूम झालेला बाप्या मी पाहिला आहे. बायकोला म्हणत होता, "बघ, कंपनीला कसं गंडवलं!" मला तर त्याची कीव आली. बरं, सभ्यपणा इतका की चुकून गुडघा लागला तर मला, लोखंडाला, "सॉरी हं" म्हणतील. पुढच्याच क्षणी बॅग आत जात नाही म्हणून लाथ घालतील.

पण यांचं खरं दैवत म्हणजे रांग. चार माणसं ओळीत दिसली की पाचवा आपोआप मागे उभा राहतो. कशासाठी, हे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे आगाऊपणा. आमच्या दारावरची बेव्ह, तोंडानं फटकळ पण मनानं चांगली बाई, नेहमी म्हणायची, "अहो राजा, विमान अजून आलंसुद्धा नाही. बसा की जरा खुर्चीवर." की लगेच उत्तर यायचं, "असू दे, आम्ही बरे आहोत इथं." जागा सोडायची नाही. जणू विमानात आधी शिरलं की ते आधी पोचणार होतं!

या खुळापायी एका माणसाचं काय व्हायची वेळ आली, ते ऐका.

मे महिन्यातला शुक्रवार होता. सकाळी सगळ्यांच्या आधी ट्रेव्हर नावाचा गृहस्थ आला. बस डेपोत आयुष्य काढलेला, मिशाळ, कोटावर कोट चढवलेला. फोनवर मुलीशी बोलत होता, म्हणून मला सगळं कळलं.

"हो केरी, पोचलो विमानतळावर. अगं हो, लक्षात आहे. तुम्ही नवरानवरी दाराशी आलात की मी आणि तुझ्या आईनं शेजारी शेजारी उभं राहायचं, पाव आणि मीठ घेऊन. तुझ्या सासरची रीतच आहे तर राहू की उभे. नाही गं, नाही भांडणार. पाच मिनिटं तोंड बंद ठेवायला मला जमेल, तिला जमतंय का ते विचार. रडू नकोस बाळा. येतोय म्हटलं ना मी! आणि केक आणलाय, माझ्या आईच्या पद्धतीचा. ख्रिसमसपासून त्याला ब्रँडी पाजतोय."

लग्न दुसऱ्या दिवशी, पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात. जावई तिथला. आणि आमच्याकडून तिकडे पुढचं विमान थेट सोमवारी.

थोड्या वेळानं मुलीची आई आली. पॉलीन. डोक्यावर लग्नातली जांभळी हॅट, परातीएवढी, कारण ती बॅगेत मावत नव्हती. घटस्फोटाला कितीतरी वर्षं झाली असतील, पण काटकसर दोघांची अजून एकच, म्हणून स्वस्तातलं विमानही एकच. तिनं ट्रेव्हरला पाहिलं, तोंड फिरवलं आणि पार पलीकडे, बारजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"आली महाराणी," ट्रेव्हर पुटपुटला.

मग त्याला शंका आली, बॅग बसेल ना? केकचा गोल डबा आत असल्यानं बॅगेचं पोट सुटलं होतं. त्यानं ती माझ्यात ठेवली, वरून दाबली, गुडघा दिला. आत गेली. गडी खूश. आता बाहेर काढायला गेला तर निघेना. डबा माझ्या गजांत असा काही फसला की बोलायची सोय नाही. ओढलं, हिसडलं, काही नाही.

दुसरा कुणी असता तर "अहो, जरा हात लावा" म्हणाला असता. हा नाही. यानं इकडेतिकडे पाहिलं, एक हात बॅगेच्या मुठीवर ठेवला आणि छताकडे बघत उभा राहिला. जणू असंच उभं राहायला त्याला आवडतं!

तेवढ्यात हिरव्या कोटातली एक बाई त्याच्या मागे येऊन थांबली. "रांग हीच का हो?" तिनं विचारलं.

आता सरळ सांगावं की नाही, "बाई, रांग कसली, माझी बॅग अडकलीय"? पण लाजेनं जीभ टाळ्याला चिकटली. ट्रेव्हर म्हणाला, "तसंच दिसतंय."

संपलं! बाईच्या मागे एक जोडपं आलं, जोडप्यामागे चार पोरी, पोरींमागे आजोबा. बघता बघता निम्मं विमान चार नंबरसमोर ओळीत उभं. आणि ट्रेव्हर सगळ्यांत पुढे, बॅगेची मूठ धरून.

त्याआधीच बेव्हला फोन आला होता. "विमान नऊ नंबरला लावलंय? बरं," असं म्हणत ती कागद उचलून मागच्या दारानं गेली. रांग तेव्हा कुठं एवढी लांब होती! तिला वाटलं, लोक पाटी वाचतील. पाटीवर नऊ आकडा आलाही होता. भोंग्यातून सांगितलंही, पण आमचा भोंगा तोंडात गरम बटाटा धरून बोलतो. बरोबर दारावर कोण पोचलं ठाऊक आहे? लग्नाआधीची मौज म्हणून आपल्यातल्याच एका होणाऱ्या नवरदेवाला मेंढीचा पोशाख चढवून दारू प्यायला निघालेली टोळी! ती मंडळी बारमध्ये पाटीखालीच बसली होती. शुद्धीवर असलेले सगळे माझ्यासमोर उभे.

"अजून दार कसं उघडत नाहीत?" मागून कुणी तरी म्हणालं.

"उघडतील. एवढी माणसं उगाच उभी राहतील का?"

"पुढच्याला माहीत असेल."

पुढच्याला माहीत होतं. ट्रेव्हरची नजर एव्हाना पाटीवर गेली होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं वळून मागची रांग पाहिली. आता एवढ्या लोकांना सांगायचं कसं, की ही रांगच नव्हती? त्यानं पुन्हा छताकडे पाहिलं. तिकडे पोटची पोर वाट बघतेय, आणि हा इथं लाजून उभा! माझा असा संताप झाला म्हणून सांगू. मला तोंड असतं तर तिथंच त्याचं बखोट धरलं असतं.

भोंग्यात शेवटचं बोलावणं गुरगुरलं. आणि त्याच वेळी नऊ नंबरकडून जांभळी हॅट धावत येताना दिसली. पॉलीन. एका हातात सँडल, दुसऱ्या हातानं हॅट धरलेली.

"ट्रेव्हर! इथं काय करतोयस?"

"रांगेत उभा आहे."

"कसली रांग?"

"माझीच," ट्रेव्हर कसाबसा म्हणाला.

"अरे विमान नऊ नंबरला लागलंय! दार बंद करताहेत!"

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग हल की मेल्या! केरीला काय सांगू मी, बाप चार नंबरला छत बघत बसलाय म्हणून?"

"बॅग अडकलीय गं."

"खड्ड्यात गेली बॅग!"

"केक आहे त्यात. आईच्या पद्धतीचा. केरीनं दुसरं काहीच मागितलं नाही माझ्याकडे."

पॉलीननं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरची हॅट काढून हिरव्या कोटवालीच्या हातात दिली, "धरा जरा," म्हणाली, आणि अनवाणी पाय माझ्या कमरेवर रोवला. "तू मूठ धर. मी पट्टा ओढते. मी म्हणेन तेव्हा. तुझ्या मनानं काही करू नकोस!"

दोघांनी ओढलं. आई गं! माझे गज कळवळले. एक बाजू वाकली आणि बॅग सुटून दोघं एकमेकांवर आदळले. पॉलीन उठली आणि रांगेला ओरडून म्हणाली, "चला सगळे, विमान नऊ नंबरला आहे! या माणसाच्या मागे लागू नका. मी एकदा लागले होते, पुरे झालं!"

आणि मंडळी धावली. कशी धावली म्हणाल? ओळीत! चार पोरी दमलेल्या आजोबांच्या पुढे होत्या त्या पुढेच, जोडपं पोरींच्या पुढे, आणि सर्वांत पुढे हिरवा कोट, हातात दुसऱ्याची हॅट सांभाळत. विमान सुटत होतं, पण कुणी कुणाला ओलांडलं नाही. अशा लोकांना काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

त्या ओढाताणीत माझी कंबर गेली ती गेलीच. वाकल्यामुळे मी जरा रुंद झाले. मग कुणाचीही ढोली बॅग माझ्यात सहज बसायला लागली, आणि कंपनीला ते कसं खपणार? आता माझ्या जागी पुठ्ठ्याची चौकट आहे, माझ्याहून बारीक. मी सफाईच्या खोलीत, फरशी पुसायच्या दांड्या आणि बादल्या सांभाळते. वाईट वाटलं का? वाटलं. मी कामात कधी कुचराई केली नव्हती. पण बेव्ह अधूनमधून इथं चहा प्यायला येते, तेव्हा बाहेरच्या बातम्या कळतात.

तुम्हाला एवढंच विनवते. जा, खुशाल दोन दिवसांच्या सहलीला जा, स्वस्तात जा, तीन स्वेटर घालून जा. पण पुढच्या माणसाला एकदा विचारा तरी, की बाबा, तू इथं कशासाठी उभा आहेस? आणि तुम्हीच पुढचे असाल तर खरं सांगा. लाजेनं कुणाचं पोट भरलंय?

त्या दिवशी नऊ नंबरला काय झालं, ते मला बेव्हनंच सांगितलं. तिथं पोचल्यावर ट्रेव्हरचा सभ्यपणा पुन्हा उफाळून आला. "चूक माझी होती, तुम्ही आधी," असं म्हणत बॅग पोटाशी धरून तो बाजूला झाला आणि सगळ्यांना पुढे सोडत राहिला. दारावरचा नवा कारकून घड्याळ बघून म्हणाला, "बस, झालं. बंद करतोय." पण दार लागेना. उंबऱ्यात पॉलीन उभी होती, हॅट परत डोक्यावर, पाठ दाराला लावून.

"बाई, आत चला. नाहीतर तुम्हीही मागे राहाल."

"राहीन. एकजण यायचाय अजून."

"तुमचे मिस्टर का?"

"नाही," पॉलीन म्हणाली. "माझ्या मुलीचा बाप आहे तो. तो आत गेल्याशिवाय मी इथून हलणार नाही, तुला काय करायचं ते कर."