अग्नीवाचून उकळणारा हंडा

कारखान्याची पहिली भट्टी अद्याप पेटायची होती; परंतु कॅम्प-१ या मजूरवस्तीतील पिंपळाखाली अग्नीवाचून पाणी उकळू लागले होते. शे-दोनशे माणसे ते नवल पाहण्यास दाटली होती. पितळी हंड्यात फुलांचा ढीग, त्यावर शेंदूर. पिंपळाखाली मुक्काम ठोकलेल्या बाबांनी लोटाभर पाणी ओतले, शंख फुंकला, आणि थोड्याच वेळात फुलांखालून वाफ उसळून हंडा खदखदू लागला.

"बोलो माता की!" शिष्य नत्थू ओरडला.

"ना लकडी, ना कोयला!" बाबा गरजले. "डाक्टर म्हनते पानी उकळून प्या. घ्या! माताच उकळून देऊन राहिली. डाक्टरच्या बापाले जमन का?"

लोक हसले. वच्छला हसली नाही. तिच्या खांद्यावर पाच वर्षांची विजया निपचित पडली होती. पहाटेपासून उलट्या-जुलाबांनी पोरीचे डोळे खोल गेले होते. वस्तीत हैजा, म्हणजे पटकी, पसरला होता. गावांच्या विहिरी कारखान्याच्या जमिनीत गेल्या होत्या आणि हजार माणसांना एकच नळ उरला होता. पाणी उकळण्याचा सरकारी हुकूम निघाला होता. सरपण मात्र कोणी दिले नव्हते.

"दवाखान्यात नेतो हिले," वच्छला सकाळी म्हणाली होती.

"नको, पोरी," सासू राधाबाईने वाट अडवली होती. "गोऱ्याच्या राज्यात हैजा आला, तवा शिपायायनं इहिरीत लाल दवा टाकली, आमची झोपडी जाळली. कावून, कशासाठी, ते कोनी सांगतलं नाही. सरकार बदललं, शिपाई तेच हाये."

म्हणून ती येथे आली होती. बाबांनी हंड्यातले तीर्थ दिले. दुसऱ्या घोटाला विजया किंचाळली, "माय, तोंड पोळलं!"

"ताप निघून राहिला," बाबा म्हणाले. "अजून पाज."

वच्छलेने पोरीच्या हनुवटीवरचा ओघळ बोटाने पुसला. तो साबणासारखा बुळबुळीत लागला. मग तिच्या बोटांच्या भेगांत आग झाली. ती आग तिच्या ओळखीची होती. आठ महिने ती क्वार्टरांच्या बांधकामावर चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवीत होती. रोज सकाळी खड्ड्यातले पाणी असेच खदखदे आणि ती पदराने डोळे झाकून बाजूला होई. तेथे कोणी शंख फुंकीत नसे.

तिने हंड्याला पायाने ढकलले. फुले वाहून गेली. पांढरा गाळ आणि अर्धवट विरलेले खडे बाहेर आले.

"अवं बाई, मातेले लाथ मारतं?" नत्थू धावला.

"माता नोहे, चुनकळी हाय! रोज असे दोन खड्डे उकळून राहिली मी. मले त कोनी हार घातला नाही!"

"खोटं बोलून राहिली!" गर्दीतून कोणी ओरडले.

रस्त्यापलीकडे बांधकामाच्या पत्र्याखाली चुन्याची रास होती. वच्छलेने खडा आणला, रिकाम्या लोट्यात टाकला आणि वर नळाचे पाणी ओतले. ना फूल, ना मंत्र. लोटा खदखदला. लोकांनी मागे पाहिले, तोवर बाबा पिंपळामागून नाहीसे झाले होते.

विजयाची मान मात्र लुळी पडली होती. वच्छला धावत सुटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी शिरेत सलाइन लावले. "जीभ चुन्यानं भाजली आहे. त्याहून वाईट म्हणजे अंगातलं पाणी फार गेलं आहे. सकाळी आणलं असतं तर... आज काही सांगता येत नाही."

"साहेब, पानी कावून उकळाचं?" तिने विचारले. "निसता हुकूम नका देऊ."

डॉक्टरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग खाली बसून त्यांनी सांगितले: मैल्यातून पाण्यात उतरणारे, डोळ्यांना न दिसणारे रोगजंतू, आणि त्यांना मारणारा जाळ. इतके सोपे कारण तिला आजवर कोणी सांगितले नव्हते.

तेवढ्यात राधाबाई धापा टाकत आली. "पिंपळाखाली लोक तो पांढरा गाळ पानावर घेऊन राहिले. परसाद म्हनते."

वच्छलेने लेकीचा थंड हात सासूच्या हातात दिला. "आत्याबाई, हिले सोडू नका."

वाचकहो, नवल दिसले तर हात जोडण्यापूर्वी हंड्याचा तळ पाहा. आणि ज्यांच्या हाती सत्ता आहे, त्यांनी हुकुमाबरोबर कारण सांगावे आणि सरपणही द्यावे. कारण कळते, तर वच्छला सकाळीच दवाखान्यात पोहोचली असती; सरपण मिळते, तर कदाचित तेथे जावेच लागले नसते.

पिंपळाखाली ती पुन्हा उभी राहिली. हातात लोटा, पदरात चुन्याचे खडे. "पहिले पाहा," ती म्हणाली, "मंग मले इचारा, कावून." आणि तिने पाणी ओतले.