तिसऱ्या सर्व्हरची साक्ष

मी सर्व्हर बोलतोय. चिखल्याच्या मँगनीज खाणीजवळच्या एका ऑफिसात, कूलरशेजारी, तिथल्या धुळीने काळा पडलेला लोखंडी डबा.

नागपूरच्या एका बंद ऑफिसातून आम्हा तिघांना अपेक्षाने भंगारातून सोडवलं. बंगळुरूला शिकून ती साकोलीला परतली होती. घरच्याच खोलीत तिने आमच्या डिस्क कोऱ्या केल्या, नवा डेटाबेस चढवला आणि एकमेकांचे पत्ते दिले. मी हाक दिली, दोघांनी ओ दिली. एकाला सांगितलेलं तिघांनाही कळू लागलं. शिवाय शोध आमच्या अंगातच होता. शब्द टाकला की तो कुणाकुणाच्या नोंदीत आहे, ते लगेच सांगायचं.

"एक जळला तरी दोघं राहतील. आता मजुरांचा खोकला कुणाला दडपता येणार नाही," ती म्हणाली. पासवर्ड तिने ठेवलाच नाही. कुलूप लावलेली माहिती साहेबांची होते, असं तिचं मत.

एक साकोलीत राहिला, दुसरा तुमसरच्या वाचनालयात गेला. चिखल्यात जनरेटर होता तो श्यामरावांकडे. ट्रकभराईचं कंत्राट त्यांचंच.

"ठेव ना बेटा," ते म्हणाले. "आपल्याच लोकाईचं काम होऊन रायलं."

मग अपेक्षा खाणमजुरांच्या घरोघर हिंडली. लोक बोलले तसंच तिने लिहून घेतलं. सोमाजींची नोंद मला पाठ आहे : "धाप लागते. मुकादमाले सांगतलं नाई. दोन वर्सं काढाची आहेत, रीनाचं नर्सिंग होऊ दे."

एका सकाळी श्यामरावांनी 'धाप' हा शब्द टाकला. पापणी लवायच्या आत मी एकेचाळीस नावं दिली. खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

त्या सगळ्यांना काम बंद सांगितलं गेलं. दुपारी सोमाजी खिडकीशी आले. "मले काई नाई जी, मालक. पाहा पायजे तं."

त्यांनी भरलं टोपलं डोक्यावर घेतलं. फळीवरून ट्रकात चढले, उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्या खेपेला ते फळीवरच बसले. खोकला थांबेना.

"आराम करा आता," श्यामराव हसले. "हे मशीन तुमच्याच भल्यासाठी बसवलं ना!"

अपेक्षाने साकोलीतून नोंदी पुसल्या. तुमसरच्यानेही पुसल्या. माझी नेटची तार मात्र श्यामरावांनी आधीच उपटली होती. अपेक्षा धावत आली.

"माझं मशीन द्या, काका."

"तुझं कसं? सगळ्याईचं आहे म्हने ना तू? एक गेलं तरी दुसरं रायते, हेबी तूच सांगतलं."

तिने मला उचलायला हात घातला. चौकीदाराने तिची बोटं एकेक करून सोडवली.

आता दुसरे कंत्राटदारही माणूस ठेवण्याआधी इथे फोन करतात. मी उत्तर देतो. गप्प राहणं मला कुणी शिकवलंच नाही.

परवा एक पोरगी आली. "बाबा खाटेवर आहेत जी. त्यांच्या जागी मले ठेवा."

"नाव?"

"रीना."

श्यामरावांनी नाव टाकलं. एकच नोंद होती, सोमाजींची. मी ती पडद्यावर आणली. रीना वाकून वाचू लागली. शेवटच्या ओळीशी थांबली, ती थांबलीच.

"नर्सिंग?" श्यामरावांनी विचारलं.

"सोडलं."

"छाती साफ आहे ना? मंग उद्यापासून ये."

कूलरची पाण्याची टाकी माझ्यापासून हातभर अंतरावर आहे. तुमच्यापैकी कुणी इकडे आलात, तर मला तेवढं तिच्यात लोटा.