शेवटच्या भागातलं वाक्य

मॅच चालू असताना कॅमेऱ्यावरच्या माणसाला कधी खाली बोलवत नाहीत. पाऊस आला तरी नाही, पोटात दुखलं तरी नाही. त्या दिवशी दुसरा हाफ नुकताच सुरू झाला होता. मी स्टँडच्या वर, मचाणावर उभा होतो. हेडफोनमध्ये खालच्या व्हॅनमधून आवाज आला, "दोन नंबर, कॅमेरा लॉक कर आणि खाली ये."

मी म्हणालो, "कॉर्नर आहे."

आमच्या कामात माणसाला नाव नसतं, कॅमेऱ्याचा नंबर तेच नाव. मग त्याच आवाजानं मला नावानं हाक मारली आणि मी कॅमेरा लॉक केला. शिडी उतरताना काय झालं असणार ते कळलं होतं, फक्त कोण ते कळायचं होतं. सासूबाईंचं वय झालेलं, म्हणून मी त्यांनाच मनात धरून उतरत होतो. खाली व्हॅनचा ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन उभा होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी."

माझी बायको महिला फुटबॉल संघाची प्रशिक्षक होती. सराव घेताना मैदानातच कोसळली. हृदय बंद पडलं. मी दुसऱ्या गावातून पोचलो तेव्हा सगळं आवरलेलं होतं.

ती पडली तेव्हा मैदानावर कॅमेरे होते. आमचे नाहीत, ऑनलाइन कंपनीचे. आमच्या चॅनेलनं बायकांची लीग कधी दाखवली नाही. दाखवलीच तर बातम्यांच्या शेपटाला. या कंपनीनं लीगचे हक्क घेतले, आणि नुसत्या मॅच दाखवून भागत नाही म्हणून संघावर एक मालिकाही काढली. खेळाडूंची घरं, भांडणं, रडणं, बसमधल्या गप्पा. बायकोला सुरुवातीला हसू यायचं. मला म्हणायची, "तू जन्मभर चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवलास. हे लोक माझ्या मागे फिरवतात. चेंडूला काय वाटत असेल रे?"

सकाळीच तिच्या कॉलरला माइक लावायचे. एकदा ती तो काढायला विसरली आणि तशीच घरी आली. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून मला अशी काही सोलून काढली की विचारू नका. साउंडवाला पोरगा माइक परत घ्यायला मागोमाग आला होता, खाली गाडीत बसून सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी भेटला तर म्हणाला, "दादा, टॉवेल वाळत घाला."

ती गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो, फ्रीज उघडतो, काही न घेता बंद करतो. गॅलरीत जातो, परत येतो. सासूबाई तेव्हापासून आमच्याकडेच असतात. लेक गेली आणि जावई उरला, असलं नातं कुठल्या खुर्चीत बसवायचं ते आम्हा दोघांनाही कळत नाही. त्या टीव्हीसमोर बसतात. पूर्वी आमच्या चॅनेलवर पुरुषांची प्रत्येक मॅच बघायच्या, रेफरीला शिव्या द्यायच्या. आता त्या मॅचही टीव्हीवर नाहीत, ॲपवर. हे त्यांना काही केल्या पटत नाही.

"तुमचा चॅनेल मग दाखवतो काय?"

"स्वयंपाकाचा कार्यक्रम असतो, आई."

"मॅचच्या वेळेला स्वयंपाक! मग जेवायचं कधी?"

एका दुपारी मालिकेची दिग्दर्शिका घरी आली. सगळे तिला मॅडम म्हणतात, मीही म्हणतो. वयानं माझ्या मुलीसारखी. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "दादा, शेवटचा भाग तयार आहे. कंपनीला पाठवायच्या आधी तुम्ही दोघांनी बघावा. ताईंना मी शब्द दिला होता, घरच्यांना विचारल्याशिवाय काही लावणार नाही." सासूबाई चष्मा पुसून बसल्या. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो.

शेवटचा सराव आला. ती निळं जॅकेट घालून मैदानाच्या कडेनं चालत होती. पाठमोरी. शिट्टी वाजली, मुली पळाल्या. आणि मग तिचा आवाज, अगदी स्वच्छ, कानाशी बोलल्यासारखा: "घाबरू नका गं. मी असले काय, नसले काय, तुम्ही खेळत राहा." पडद्यावर नुसता चेंडू घरंगळत गेला आणि थांबला. मग अंधार.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "बोलली गं माझी पोर," म्हणाल्या. "जाताना बोलून गेली."

माझे कान तापले. मी मॅडमना म्हणालो, "जरा बाहेर या."

आम्ही जिन्यात उभे राहिलो. मी म्हणालो, "हे त्या दिवशीचं नाही."

त्या दिवशी तिला आवाजच नव्हता. आधीच्या मॅचला ओरडून ओरडून घसा पार बसला होता, डॉक्टरांनी बोलायचंच नाही म्हणून सांगितलं होतं. सकाळी मी निघालो तर तिनं बोटानं टोपी दाखवली, घड्याळ दाखवलं, आणि कोंबड्या हाकलतात तसा हात करून मला दाराबाहेर काढलं. माझ्याशी तिचं शेवटचं बोलणं ते. त्यात शब्द नाही.

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "नाही, दादा. त्या दिवशीचं नाही."

"दाढेच्या दिवशीचं आहे."

त्यांनी मान खाली घातली. बायको त्या दिवशी सराव अर्धा टाकून दाढ काढायला गेली होती. पुढचं वाक्य मला माहीत होतं, कारण घरी येऊन सुजलेल्या गालानं तिनंच सांगितलं होतं की मुली कशा हसल्या. तुम्ही खेळत राहा, मला दाढ उपटायला जायचंय.

"त्या दिवशीचं काय आहे तुमच्याकडे?"

"शिट्टी आहे. आणि श्वास."

"मग तेच लावा."

"लोक थांबत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "कंपनी आम्हाला रेघ काढून पाठवते, कुठल्या क्षणाला किती जण बंद करून गेले त्याची. शांत जागा आली की रेघ खाली येते. शेवटच्या भागात रेघ पडली तर पुढचा सीझन नाही. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही याच धंद्यातले. रिप्लेवर प्रेक्षकांचा ओरडा दुसरीकडचा जोडत नव्हता का तुम्ही?"

"जोडायचो. तो ओरडा कोणाची बायको नसायचा."

त्या म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणालात तर काढीन. पण आजींना विचारा आधी."

मी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. मी आत येईपर्यंत सासूबाईंनी शेजारच्या वहिनींना बोलावून ते वाक्य ऐकवलं होतं. संध्याकाळी आपल्या एका बहिणीला फोनवर. फोनवर सांगताना त्यात "आई" शब्दही घातला. "म्हणाली, आईला सांगा घाबरू नको." मी भिंतीकडे तोंड करून स्विच बोर्ड पुसत राहिलो.

खरं सांगायचं तर मला राग येत होता आणि तो नुसता खोटेपणाचा नव्हता. मला जो शब्द मिळाला नाही तो सगळ्या जगाला मिळणार होता. ॲप असलेल्या कोणालाही. रात्री बसून कुरकुरीत काहीतरी खात खात लोक तो ऐकणार, आणि मला मात्र कोंबडीसारखं हाकललेलं.

दुसऱ्या दिवशी संघाची कॅप्टन आली. गोलकीपर आहे. सगळे तिला कुलूप म्हणतात. बायकोला मुली ताई म्हणायच्या, म्हणून अख्ख्या संघाचा मी भाऊजी. मी ओट्यावरची बरणी इकडून तिकडे करत होतो.

"भाऊजी, बसा की."

"बसवत नाही."

"मग उभ्यानं ऐका. मॅडमनी सांगितलं मला. ते वाक्य काढू नका."

"ती बोलली नाही, कुलूप. तू तिथे होतीस."

"होते की. म्हणून तर सांगते." तिनं माझ्या हातातली बरणी काढून घेतली. "मालिका यायच्या आधी आमच्या मॅचला कोण यायचं? आमच्या आया आणि एक कुत्रा. तोही हाफटाइमला निघून जायचा. आता तिकिटाला रांग लागते. पुढचा सीझन आला नाही तर कंपनी लीगही सोडणार. मग आम्ही परत कुठेतरी काउंटरमागे, आणि रविवारी जमेल तसं खेळायचं. ताईंनी एवढी वर्षं त्यासाठी घालवली का?"

"तिनं खोटं बोलायलाही वर्षं घालवली नाहीत."

"ताई? ताई रेफरीसमोर धडधडीत खोटं बोलायच्या, भाऊजी. चेंडू बाहेर गेलाच नाही म्हणून शपथा घ्यायच्या." ती हसली, आणि मग हसताहसता रडायला लागली. मी पाणी दिलं. ती घोट घेऊन म्हणाली, "तुम्हाला सांगू, त्यांनी शेवटी काय केलं?"

मी ओट्याला टेकून उभा राहिलो.

"मी गोल सोडून पुढे येते म्हणून कायम ओरडा खायचे. त्या दिवशी त्यांना ओरडता येत नव्हतं. माझ्याकडे बघितलं आणि असा हात केला." तिनं पंजा पालथा करून हवेत दाबला. जागेवर थांब. "मग शिट्टी फुंकली आणि खाली बसल्या. मला वाटलं लेस बांधतायत. मी जागेवर थांबले. त्यांनी सांगितलं होतं ना थांब, म्हणून थांबले. पळत गेले नाही."

मला पहिल्यांदाच कळत होतं हे. मी विचारलं, "हे कॅमेऱ्यात आहे?"

"नाही. कॅमेरा तेव्हा दुसऱ्या टोकाला होता. हे फक्त माझ्याकडे आहे." तिनं बरणी खाली ठेवली. "आणि हे मला कोणाला द्यायचं नाही. म्हणून म्हणते, लोकांना ते दाढेचंच द्या. खरं घरात राहू द्या."

तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. कुलूप गेल्यावर मी घरात फेऱ्या मारल्या. बाहेर पडलो, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो, काय घ्यायचं ते आठवेना, परत आलो. लोकांना खोटं दिलं तर लोकांचं काही बिघडत नव्हतं. लोक उद्या दुसरी मालिका लावतील. पण आत टीव्हीसमोर बसलेली बाई म्हणजे लोक नव्हे. तिनं उरलेलं आयुष्य दाढ काढण्याच्या वाक्यावर काढायचं, आणि ते मला माहीत असताना मी रोज तिच्या समोर बसून जेवायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

मी मॅडमना फोन केला. "काढा," म्हणालो.

"नक्की, दादा?"

"शिट्टी ठेवा. श्वास ठेवा. बाकी काढा."

त्यांनी दोन दिवसांत नवा भाग पाठवला. गॅलरीत उभं राहून फोनवर बघितला. शिट्टी वाजते, आणि मग बराच वेळ काहीच नाही, नुसता वारा आणि तिचा श्वास. रेघ पडणारच. कुलूपला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे, भाऊजी." गोल खाल्ल्यावर ती असंच म्हणते. पुढचा सीझन होणार की नाही ते कोणालाच माहीत नाही. मॅडम म्हणतात, कंपनीचं उत्तर यायचं आहे.

आज सकाळी सासूबाईंनी दोघी बहिणींना, शेजारच्या वहिनींना आणि दूधवाल्यालाही शुक्रवारी भाग बघायला बोलावलं. मला म्हणाल्या, "जावईबापू, ते ॲप मोठ्या टीव्हीवर लावता येतं का बघा. माझ्या लेकीचं बोलणं सगळ्यांनी नीट ऐकायला हवं." मी टीव्ही जोडून दिला. आवाज तपासला. त्यांनी खुर्च्या मांडायला घेतल्या आहेत.

ते वाक्य आता त्या भागात नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.