मिशीवर उतरलेलं तेज

“या कलियुगात परमेश्वर माणसाच्या मस्तकातूनच प्रकट होणार आहे!” अशी गर्जना तेजोमय महाराजांनी आमच्या कोलशेतच्या सोसायटीच्या क्लबहाउसात केली. पाठोपाठ त्याच स्पीकरवरून आवाज आला, “एमएच झिरो फोर, पांढरी गाडी, गेटसमोरून काढा. टँकर आत येत नाहीये.”

परमेश्वर पाच मिनिटं थांबला. गाडी महाराजांचीच होती.

मग सोहळा सुरू झाला. महाराज चांदीच्या वाटीत पांढरं भस्म घेत, त्यावर तीर्थ ओतत आणि शिष्या तो लेप भक्तांच्या केसांना फासत. वर प्लॅस्टिकची टोपी, टोपीवर भरजरी कापड. पाऊण तास नामस्मरण. धूप इतका की शेजारचा दिसू नये, आणि मुख्य म्हणजे दुसरा कसला वास येऊ नये.

“डोकं तापतंय का?”

“तापतंय, महाराज!”

“चरचरतंय का?”

“चरचरतंय, महाराज!”

“उतरतंय! तेज उतरतंय!”

डोकी धुतली, तर काय! काळेभोर केस तांब्याच्या घागरीसारखे झालेले. सेक्रेटरीबाई मेघना तर घासलेल्या समईसारखी झळकत होती. बायका एकमेकींच्या पाया पडल्या.

“ज्याचं मन निर्मळ, त्याच्या मस्तकी तेज,” महाराज म्हणाले. “मनात खोट, तो कोरडा.”

कोरडं एकच डोकं निघालं. उत्तरावहिनींचं. त्यांचे आखूड पांढरे केस पांढरेच राहिले.

उत्तरावहिनी म्हणजे माझा शेजारी विश्राम याची बायको. दोन वर्षांपूर्वी विश्रामला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. वहिनी तिथे आल्या होत्या त्या त्याच्यासाठीच. देवाने तेज दिलं, तर निदान त्याचा हात तरी हलेल, एवढीच आशा.

महाराजांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. “माई, तुमचा दोष रुग्णाला बाधतोय. एकवीस दिवस त्याला स्पर्श करू नका. समोरही जाऊ नका.”

हे सगळं थोतांड आहे, असं मी वहिनींना परोपरीने सांगितलं. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही जन्मभर सगळ्यांची थट्टाच केलीत. आज खरं बोलताय, हे मी ओळखायचं कसं?”

चाळीस वर्षं विनोदी लेखन केल्याची एवढी शिक्षा मला कुणी दिली नव्हती.

वहिनी बाहेरच्या खोलीत झोपू लागल्या. विश्रामला भरवायला, पुसायला एक बाई ठेवली. त्याला बोलता येत नसे. डाव्या हातातल्या चमच्याने तो पलंगाच्या दांडीवर वाजवायचा, टक, टक, टक. वहिनींना बोलावायची त्याची ती खूण. त्या दाराबाहेर पाटावर बसून ऐकायच्या. मी गेलो की विश्राम दाराकडे बघायचा, मग माझ्याकडे.

सतराव्या दिवशी सकाळी चमचा वाजला नाही.

“बघितलंत?” सोसायटीत कुजबुज झाली. “तरी महाराजांनी सांगितलं होतं.” ही कुजबुज वहिनींपर्यंत पोचायला तेरावाही उजाडावा लागला नाही.

महाराज तोवर कल्याणला तेज उतरवायला गेले होते. आणि मेघना खालच्या रोवेनाच्या पार्लरमध्ये रडत बसली होती. “हे परत काळं कर गं. ऑफिसात तोंड दाखवता येत नाही.” रोवेनाने तिची एक बट ओढून पाहिली. ती च्युइंगमसारखी ताणली आणि तुटली.

रोवेनाने मला बोलावून घेतलं. मेघनाने प्रसाद म्हणून जपलेली भस्माची पुडी तिने माझ्या हातावर ठेवली आणि शेल्फवरून एक डबा काढला. “काका, हे भस्मबिस्म काय नाय. ब्लीच आहे, ब्लीच. आणि तीर्थ म्हणजे त्यात कालवायचं पेरॉक्साइड. आम्ही हे रोज करतो, फक्त घंटा वाजवत नाय.”

“मग तेज?”

“केसातला रंग हे खाऊन टाकतं. काळा डाय उतरता उतरता तांबडा होतो, केशरी होतो. तिथेच धुतलं की झालं तेज. पांढऱ्या केसात खायला काय नसतंच, तर बदलणार काय?”

रविवारी त्याच क्लबहाउसात त्याच माणसांसमोर मी खुर्चीत बसलो. माझं डोकं पांढरं आहे. मिशी मात्र काळी होती. ती तशी का होती, हे तोवर फक्त मला आणि माझ्या न्हाव्याला ठाऊक होतं. रोवेनाने आपल्या डब्यातला लेप दोन्हीकडे लावला, धूप न जाळता. वासाने पहिली रांग मागे सरकली. पाऊण तासाने धुतलं. डोकं पांढरंच. मिशी गाजराच्या हलव्यासारखी.

“म्हणजे डोक्यात खोट आणि मिशीत भक्ती,” मी म्हणालो. लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या उठून जवळ आल्या.

“भाऊजी, म्हणजे माझ्यात खोट नव्हती?”

“नव्हती, वहिनी. केसात रंग नव्हता, एवढंच.”

“मला रंग ते लावायचे,” त्या म्हणाल्या. “महिन्याच्या पहिल्या रविवारी, जुन्या टूथब्रशने. त्यांचा हात गेला, तेव्हापासून मी सोडून दिलं. काळे शेंडेही कापून टाकले.” मग त्यांनी विचारलं, “आणि ते सतरा दिवस?”



गप्प राहणं मला कधी जमलेलं नाही. मी सभेकडे वळून बोलू लागलो. म्हणालो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याचा वास घ्या. लेपात काय आहे ते विचारा. सांगत नसेल, तर डोकं पुढे करू नका. आणि जो चमत्कार आजारी माणसाजवळून त्याचं माणूस उठवतो, तो देवाचा नाही, हे ओळखायला रसायनशास्त्रही लागत नाही. आपण सगळे इथे होतो. एकानेही वहिनींचा हात धरून त्यांना आत नेऊन बसवलं नाही. मीही नाही. पोलिसांत तक्रार द्यायची आहे, सह्या करा.

मेघनाने पहिली सही केली. टाळ्याही झाल्या. मला वाटलं, बुद्धीचा विजय झाला.

वहिनींनी यातलं काही ऐकलं होतं की नाही, देव जाणे. त्या डबे आवरणाऱ्या रोवेनापाशी उभ्या होत्या.

“रोवेना, पहिल्या रविवारी वेळ आहे का गं तुला? पुढून रंग माझी मी लावीन. मागची बाजू तेवढी लावून दे. तिथे हात पोचत नाही.”