आईने उघडी ठेवलेली जहाजं

दादाचा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून अडकला होता आणि आमचा म्हातारा कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. दादा जहाजावर इंजिनरूममध्ये काम करतो. त्याचं जहाज वादळात सापडल्यापासून आज पहिल्यांदा व्हिडिओ कॉल लागला होता. कानावर एवढंच पडलं, "आई, माझ्या हाताला..." पुढे नुसती खरखर.

"काय झालं त्याच्या हाताला?" आईने माझाच हात धरून हलवला.

"मला काय माहीत? सोड आधी!" मी खेकसले. जीव घाबरा झाला की मी खेकसतेच.

मशीनला एवढं कोण दमवतंय ते पाहिलं. प्रोसेसरचा जवळजवळ सगळा जीव एकट्या ब्राउझरने खाल्ला होता. त्यात इतके टॅब दाटले होते की नावंही दिसेनात. एक उघडला, तर समुद्राचा नकाशा, त्यावर सरकणारी जहाजं. पुढच्यात तोच नकाशा. त्याच्या पुढच्यातही तोच.

"आई, दादाचं जहाज बघायला दर वेळी नवा उघडतेस, मग जुना कोण बंद करणार?"

"बंद नाही करायचे," आई हळूच म्हणाली. "एकदा केला होता. त्याच रात्री वादळ लागलं त्यांना."

एरवी मी तिची भरपूर चेष्टा केली असती. आत्ता मी फक्त पडद्यावर अडकलेल्या दादाकडे बोट दाखवलं.

"अगं, पण यांच्यामुळेच त्याचा आवाज अडतोय. कॉल कधीही तुटेल!"

"एखादा तरी राहू दे."

"एकही नको."

तिने माझ्या हातातून माऊस घेतला आणि स्वतःच एकेक टॅब बंद करू लागली. दर वेळी पुटपुटायची, "सांभाळ रे बाबा." शेवटच्या टॅबवर तिचं बोट थबकलं. तिने डोळे घट्ट मिटले आणि तोही बंद केला.

घरघर उतरली. दादाचे ओठ हलले आणि पाठोपाठ आवाज आला, अगदी रडवेला.

"आई, बोल ना गं काहीतरी! हात जरासा भाजलाय, बाकी मी धडधाकट आहे, कितीदा सांगू? पण तुला काय झालंय? मघापासून पुतळ्यासारखी बसलीयेस, पापणीसुद्धा हलत नाही तुझी!"

आईने डोळे उघडले. तिच्यासाठी कुणी इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी तरी तिच्यासाठी कधी घाबरले होते?

"आहे रे, मी आहे," ती म्हणाली, आणि त्याची खात्री पटेपर्यंत दोन्ही हात हलवत राहिली.