कु. केशर ज्ञानबा कदम

अहो, जरा हळू! झाकणावरचं नाव घासू नका. मी भाकरीचा डबा बोलतोय, आणि माझा सगळा जीव त्या नावात अडकलाय.

जन्म माझा लांबच्या कारखान्यातला. पण माणसांत आलो तो आखाडा बाळापूरला, चाँद पाशाच्या भांड्यांच्या दुकानात. इथल्या एका कन्याशाळेला पन्नास वर्षं झाली, म्हणून पहिल्या बॅचच्या मुलींना आठवण म्हणून डबे द्यायचं ठरलं. मुली कसल्या, आता सगळ्या आज्या! पण शाळेत होती तीच नावं टाकायची, असा मोठ्या बाईंचा हट्ट. चाँद पाशानं कुर्र कुर्र करत माझ्यावर कोरलं: कु. केशर ज्ञानबा कदम. गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू!

"जी बाई येणार न्हाई तिचा डबा वापस द्या," तो मोठ्या बाईंना म्हणाला. "पॉलिश मारून दुसरं नाव टाकतो."

झालं! तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागेना.

कार्यक्रमात टेबलावरचे माझे भाऊबंद एकेक करून गेले. मी राहिलो. बाईंनी माइकवरून हाक मारली, "केशर ज्ञानबा कदम!" कुणीच उठलं नाही. परत हाक मारली. मांडवात नुसती कुजबुज. कुठं गेली ही बया? आहे तरी का? बाईंनी मला उचलून बाजूला ठेवलंसुद्धा.

तेवढ्यात मागून एक म्हातारी, खुशनुमा तिचं नाव, शेजारणीला ढोसत ओरडली, "अगं, तुलाच बोलावून राहिले! काहून बसलीस? एका बाकावर बसायचो आपण, मी विसरन का तुला?"

"मला कुठं? मी सत्यभामा," ती गोंधळून म्हणाली. मग एकदम पदर तोंडाशी गेला. "अगं बाई! सासूचं नाव केशर होतं, म्हणून लग्नात माझं बदललं. नुसतं केशर ऐकलं अन् वाटलं, आत्याबाईलाच बोलावून राहिले."

तिनं मला घेतलं आणि झाकणावरचं नाव दोनदा वाचलं. माझी धाकधूक तर वाढलीच. सासूचं नाव सून तोंडातून काढत नाही, मग रोज डोळ्यांपुढं कशी ठेवेल? उद्या नेऊन पुसून आणणार ही, नक्की!

घरी तिची सून निता झाकण बघून म्हणाली, "आत्या, यावर तर मोठ्या आजीचं नाव हाय. देवापाशी ठेवू का?"

सत्यभामाबाईनं झाकणावरच्या नावावर बोट ठेवलं. ओठ हलायचे, पण ते नाव निघत नव्हतं. बोल गं माय, बोल, मी आतल्या आत म्हणत होतो. शेवटी तिनं पदरानं मला पुसलं.

"न्हाई. भाकरी ठेव त्यात," ती म्हणाली. "केशर मी हाय."

आता रोज माझ्यात ज्वारीच्या भाकरी असतात. पण भांडी घासायची वेळ झाली की अजून छातीत धडधडतं. म्हणून म्हणतो, घासणी हळू फिरवा. हे नाव एकदा पुसलं गेलंय.